कारणाचा रकाना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या रस्त्याला माझं औषधाचं दुकान आहे. रस्ता ओलांडला की समोर पानठेला. सकाळी मी शटर वर करतो तेव्हा तिकडे खर्रा घोटणं सुरू झालेलं असतं. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना आणि पाण्याचे दोन-चार थेंब पन्नीत घालून तळव्यानं जोर लावून रगडायचं. त्या रगडण्याचा आवाज मला वीस वर्षांपासून पाठ आहे. माझी बरीच गिऱ्हाइकं आधी तिकडे थांबतात, मग इकडे येतात.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात एक माय दुकानात आली. मुलाची चिठ्ठी घेऊन दर महिन्याला येणारी. ओलान्झापिन या मानसिक आजाराच्या गोळीच्या तीन पट्ट्या आणि सोबत पॅसिटेन, हे ठरलेलं. त्या दिवशी म्हणाली, "भाऊ, अर्धीच पट्टी द्या."

पैशाची अडचण असेल म्हणून मी म्हटलं, पैसे मागाहून द्या. तर म्हणाली, "पैशाचं नाही जी. त्यानं गांजा सोडला ना. आता गोया कायले? दिवसभर नुसता झोपते पोरगा."

मी जे समजावायचं ते समजावलं. तिनं अर्धीच पट्टी नेली. कापूस वेचणीच्या दिवसांत तो मुलगा एका रात्री घरातून निघाला आणि सकाळी अकरा कोसांवरच्या गावात, अनवाणी, पाय फुटलेले, असा सापडला. पुन्हा नागपूरच्या मनोरुग्णालयात न्यावं लागलं. आमच्याकडे "नागपूरला टाकला" एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. गावानं एका वाक्यात निकाल दिला: परत ओढला असंल. माय शपथेवर सांगत होती की नाही ओढला. तिचं कोणी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मीही ऐकलं नाही.

हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे. गांजानं गेला, दारूनं गेला, नादी लागला म्हणून गेला. असं म्हटलं की विषय संपतो. आजाराचं कारण सापडलं अशी सगळ्यांची समजूत होते, आणि कारण सापडल्यावर तपास कोण करतो?

ही सवय आजची नाही. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजानं भरली आहेत, मग सरकार गांजावर कर घेऊन तो विकू कसा देतं? त्यावरून एक आयोग नेमला गेला. त्यानं देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. नागपूर तेव्हा ज्यात होतं तो मध्य प्रांतही त्यात होता. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, म्हणजे आयोगाच्या वेळी तीस वर्षं जुनं. गांजाची सरकारी परवान्याची शेती तेव्हा खांडव्याकडे होत होती.

आयोगानं एक साधं काम केलं. इस्पितळांच्या नोंदवहीत 'वेडाचं कारण' असा रकाना असे, तो कोण भरतं हे पाहिलं. रुग्ण पोलिसांमार्फत किंवा मॅजिस्ट्रेटमार्फत येई, सोबत एक कागद येई, आणि त्या कागदावर कुणीतरी शिपाई-कारकुनानं गावात विचारून जे लिहिलेलं असे तेच वहीत उतरवलं जाई. रकाना रिकामा राहू नये अशी अपेक्षा असे. माणूस चिलीम ओढतो असं कुणी म्हटलं की लिहिलं: गांजा. १८९२ या एका वर्षात २२२ रुग्णांच्या नावापुढे गांजा-भांग-चरस असं कारण होतं. आयोगानं एकेका रुग्णाची घरी, गावी चौकशी करवली, तेव्हा त्यांतले ९८ उरले. त्यांतही काहींना दुसरी कारणं जोडलेली होतीच.

सरकारला गांजाच्या करातून उत्पन्न मिळत होतं, तेव्हा आयोगाचा निष्कर्ष सरकारच्या सोयीचा होता, असं कुणी म्हणेल तर ते मला मान्य आहे. पण चौकशीची पद्धत मात्र आजही शिकण्यासारखी आहे. कागदावर जे लिहिलंय ते कुणी लिहिलं, कुणाला विचारून लिहिलं, आणि माणसाच्या घरच्यांना काय माहीत होतं, एवढंच त्यांनी विचारलं. सव्वाशे वर्षांनंतर त्या मुलाच्या आईला हे कोणी विचारलं नव्हतं.

विदर्भात कारणाच्या रकान्याची ताकद सगळ्यांना माहीत आहे. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की समिती बसते आणि प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवते. कर्ज आणि नापिकी निघाली तर पात्र, एक लाखाची मदत. व्यसन किंवा आजार निघाला तर अपात्र. गेलेल्या माणसाच्या आयुष्यात कर्जही होतं, नापिकीही होती, दारूही होती आणि महिनोन्‌महिने झोप नव्हती, पण रकाना एकच. तिथे व्यसन लिहिलं गेलं की घराला मदत नाही. मानसिक आजाराच्या बाबतीतही तेच होतं, फक्त समिती गावातली असते आणि निकाल ओट्यावर लागतो.

आता गांजाबद्दल संशोधन काय सांगतं ते नीट पाहू, कारण दोन्ही बाजूंनी त्याचा गैरवापर होतो. एका बाजूचे म्हणतात गांजा ओढला की वेड लागतंच. दुसऱ्या बाजूचे म्हणतात ही वनस्पती आहे, शंकराचा प्रसाद आहे, काही होत नाही.

सगळ्यांत जास्त उल्लेख होतो तो स्वीडनच्या अभ्यासाचा. १९६९-७० साली सक्तीच्या लष्करी भरतीसाठी आलेल्या ४५,५७० तरुणांना गांजाबद्दल विचारलं गेलं आणि पुढची पंधरा वर्षं त्यांच्यापैकी कोणाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-संशयाचा गंभीर मानसिक आजार, झाला ते पाहिलं गेलं. निष्कर्ष १९८७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा घेतलेल्यांमध्ये आजाराचं प्रमाण, कधीच न घेतलेल्यांच्या सहापट निघालं. हा सहापटीचा आकडा जगभर फिरला. त्याच अभ्यासातले बाकीचे आकडे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पन्नासपेक्षा जास्त वेळा घेतलेले तरुण ७५२ होते. त्यांतल्या २१ जणांना आजार झाला, ७३१ जणांना झाला नाही. एकूण आजारी पडले २४६, आणि त्यांतल्या १९७ जणांनी आपण गांजा कधीच घेतला नाही असं सांगितलं होतं. लहानपणचं घर, आधीचे मानसिक त्रास, बाकीची व्यसनं हे सगळं हिशेबात धरल्यावर सहापटीचा आकडा दोन-अडीचपटीवर आला.

म्हणजे धोका खरा आहे. आणि स्किझोफ्रेनिया झालेल्यांतले बहुतेक जण गांजाच्या वाटेला गेलेलेच नव्हते, हेही तितकंच खरं आहे.

न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा जन्मापासून पाठपुरावा होतो आहे. त्यांतल्या ज्यांनी पंधराव्या वर्षाच्या आतच गांजा सुरू केला, त्यांच्यापैकी सुमारे १० टक्के जणांत सव्विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियासारखी लक्षणं होती, बाकीच्यांत ३ टक्के. गट छोटा होता. आणि ज्यांना अकराव्या वर्षीच भास वगैरेची सुरुवात झाली होती ते लक्षात घेतल्यावर फरक कमी झाला. तरी वयाची गोष्ट मला पटते, कारण पुढच्या अभ्यासांतूनही ती पुनःपुन्हा आली आहे: जितक्या लहान वयात, जितका नियमित आणि जितका कडक, तितका धोका जास्त. २०१९ साली युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणांचा एकत्र अभ्यास झाला. त्यात रोज गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसची, म्हणजे भास होऊन खरं-खोटं कळेनासं होण्याची, शक्यता सुमारे तिप्पट, आणि कडक जातीचा गांजा रोज ओढणाऱ्यांत सुमारे पाचपट निघाली.

पण बाण उलट दिशेनंही जातो. २०१८ साली 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये आलेल्या जनुकांच्या मोठ्या अभ्यासात, गांजातून आजार याच्यापेक्षा आजाराच्या जनुकीय कलातून गांजाकडे वळणं याचा पुरावा अधिक ठळक निघाला. ज्या मुलाचं डोकं आतून आधीच गडबडलेलं आहे, झोप नाही, माणसं नकोशी झाली आहेत, तो गांजाकडे वळतो. मग गांजा त्याचं आणखी बिघडवतो. आधी काय झालं हे त्याच्या घरच्यांशिवाय कोणाला माहीत असणार?

त्या मायनं मला ते सांगितलं, पण मुलगा दुसऱ्यांदा नागपूरहून परत आल्यावर. मी दुकान बंद करत होतो. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "अकरावीत होता तवापासून ताट घेऊन आतल्या खोलीत जाये. मोबाईल उपडा ठेवे. म्हणे, टावरमधून माहं सारं ऐकतेत." मी विचारलं, गांजा तेव्हा होता? ती म्हणाली, "नाही जी. थे तर आयटीआयले गेल्यावर. वर्ष झालं होतं त्याले असं होऊन."

मग हे कुठे सांगितलं का? नाही. विचारलंच नाही कोणी. आणि विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं का, याची मला खात्री नाही. थोड्या वेळानं तिनंच कारण सांगितलं: धाकटी पोरगी लग्नाची आहे. गांजा म्हटलं की दोष पोराचा एकट्याचा राहतो. तो सोडवता येतो, सोडला की संपला. आजार म्हटलं तर दोष रक्तात जातो, आणि पाहुणे दुसऱ्या दिवशी निरोप पाठवतात. गांजाचं कारण गावानं त्या घरावर लादलं असं मी समजत होतो. घरानंही ते घट्ट धरून ठेवलं होतं, मुलीसाठी. तिच्यावर रागवायचा अधिकार मला नाही.

पण त्या कारणानं मुलाचं काय केलं ते मी औषधवाला म्हणून सांगू शकतो. आजार गांजाचा असेल तर गांजा सुटला की गोळी सुटायला हवी, हा हिशेब सरळ आहे. म्हणून अर्धी पट्टी. आणि 'दिवसभर झोपते' याचं एक कारण औषधशास्त्रातलं आहे. विडी, सिगारेट किंवा गांजाच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात काम करू लागतं आणि ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधं शरीरातून लवकर निघून जातात. ओढणाऱ्या माणसाला म्हणून डोस जास्त लागतो. त्यानं ओढणं बंद केलं की तेच एन्झाइम मंदावतं, रक्तातलं औषध वाढतं, आणि कालपर्यंत बरोबर असलेला डोस आज भारी पडतो. माणूस सुस्तावतो. त्या मुलाच्या बाबतीत नेमकं हेच झालं असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण व्यसन सुटल्यावर डॉक्टरांकडे जाऊन डोस तपासून घ्यावा हे त्या घराला सांगायला हवं होतं. मुलानं चांगलं काम केलं, गांजा सोडला, आणि त्याच चांगल्या कामामुळे कदाचित त्याची गोळी सुटली. हे मला आजही लागतं.

आता तंबाखू. मानसिक आजार असलेल्यांमध्ये तंबाखूचं प्रमाण जास्त असतं हे जगभर दिसतं. २००५ साली वीस देशांतले बेचाळीस अभ्यास एकत्र पाहिले गेले तेव्हा स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत धूम्रपानाची शक्यता इतरांच्या पाचपटीहून जास्त निघाली. डॉक्टर मंडळी बराच काळ म्हणत आली की हे रुग्ण स्वतःवर स्वतःच उपचार करतात, निकोटीननं त्यांना जरा बरं वाटतं. मग २०१५ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'त एक मोठा आढावा आला: पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्यांत, म्हणजे उपचार सुरू होण्याच्या वेळीच, ५७ टक्के लोक आधीपासून तंबाखू घेत होते, आणि रोज घेणाऱ्यांत आजार साधारण वर्षभर आधी दिसू लागत होता. तेव्हापासून तंबाखूही कारणांपैकी एक असू शकेल का, यावर गंभीरपणे काम सुरू आहे.

इथे चेन्नईचा एक छोटा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. २००२ साली तिथल्या संशोधकांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या २८६ पुरुषांना विचारलं, तर त्यांतले ३८ टक्के सध्या धूम्रपान करत होते. पाश्चात्त्य देशांतल्या आकड्यांपेक्षा हे बरंच कमी. त्यांचं म्हणणं असं की सगळं काही मेंदूतून येत नाही. घरात कोणाच्या हाती पैसा आहे, बाप समोर असताना मुलगा ओढेल का, यावरही ते ठरतं. आमच्याकडेही तसंच आहे. बापासमोर विडी पेटवणारा मुलगा अजून दुर्मीळ आहे. खर्रा मात्र बाप-लेक एकाच पुडीतून खातात.

आणि माझ्या दुकानासमोरचा प्रश्न इथून सुरू होतो. वरचे बहुतेक अभ्यास धुराचे आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे निघाले आणि २४.४ टक्के तोंडात तंबाखू ठेवणारे. आपला तंबाखू धुराचा नाहीच, तोंडातला आहे. यकृताच्या त्या एन्झाइमची गोष्ट त्याला लागू होत नाही, कारण ते निकोटीनमुळे नव्हे तर धुरामुळे चाळवतं. विडी सोडून खर्रा धरला, असं कितीतरी लोक करतात आणि घरचे खूश होतात. त्या दिवशी त्या माणसाच्या गोळीचा हिशेब बदलला, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

शिवाय खर्ऱ्यात नुसता तंबाखू कुठे असतो? वजनानं बघाल तर सुपारीच जास्त. सुपारीत अरेकोलीन नावाचं द्रव्य असतं आणि ते मेंदूतल्या मस्करिनिक रिसेप्टरना, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागांना, चालना देतं. हेच रिसेप्टर पॅसिटेन, म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल, बंद करतं. मानसिक आजाराच्या जुन्या औषधांनी हातपाय थरथरतात, अंग आखडतं, तोंडातून लाळ गळते, त्यासाठी डॉक्टर पॅसिटेन देतात. आता एकीकडे पॅसिटेन दार लावते आणि दुसरीकडे दिवसाला आठ खर्रे ते दार ढकलत राहतात. १९८९ साली ब्रिटनमधल्या एका डॉक्टरनं अशा दोन रुग्णांची नोंद छापली: सुपारी भरपूर चघळणारे, आणि औषध चालू असताना अचानक अंग भयंकर आखडलेले. पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ बेटावर २००० सालच्या एका अभ्यासात उलटं काही दिसलं: स्किझोफ्रेनियाचे जे रुग्ण सुपारी खात होते त्यांची लक्षणं न खाणाऱ्यांपेक्षा सौम्य होती. आणि २०२४ साली अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी ज्या नव्या जातीच्या औषधाला मंजुरी मिळाली, त्यातलं झॅनोमेलीन हे अरेकोलीनच्याच रचनेवरून घडवलेलं आहे.

यावरून कोणी खर्रा औषधी आहे असा अर्थ काढू नये. तंबाखू नसला तरी नुसती सुपारीही कर्करोग घडवते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ सालीच जाहीर केलं आहे, आणि दोन बोटंही तोंडात जात नाहीत अशी पंचविशीतली मुलं मी रोज पाहतो. मुद्दा एवढाच की ज्या वस्तूचा मेंदूवर इतका थेट परिणाम आहे, ती वस्तू आमच्या भागातला मनोरुग्ण दिवसभर चघळतो, आणि त्याच्या केसपेपरवर तिचं नावही नसतं. गांजा असतो. एकदाच ओढलेला असला तरी असतो. खर्रा नसतो, कारण तो डॉक्टरांना, नर्सला, रुग्णाला, मला, कोणालाच व्यसन वाटत नाही.

सरकारी मोजणीतही हेच झालं आहे. तंबाखूच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा विषय तंबाखू, त्यात माणसाच्या मनाचा हिशेब नाही. एम्सनं केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमली पदार्थांच्या सर्वेक्षणात देशात ३.१ कोटी लोकांनी वर्षभरात भांग-गांजा-चरस यांपैकी काही घेतल्याचा अंदाज आहे, पण त्यात तंबाखू धरलेला नाही. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण निम्हान्सनं बारा राज्यांत केलं, त्यात महाराष्ट्र नव्हता. तिन्ही कामं मेहनतीची आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण आमच्या पानठेल्यासमोर उभा असलेला, खिशात ओलान्झापिन आणि गालात खर्रा असलेला माणूस या तिन्ही मोजण्यांच्या मधून निसटतो.

हे सगळं वाचून एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक असेल: असं लिहिल्यानं पोरांना वाटेल गांजाचं काही नाही. मला उलटं वाटतं. शाळेत आपण पोरांना सांगतो, ओढला की वेडा होशील. पोरगा बाहेर येऊन पाहतो, ओढणारे दहा जण धड आहेत. नांगर धरतात, ट्रॅक्टर चालवतात. स्वीडनच्या त्या ७३१ जणांसारखे. मग तो मास्तरांचं सगळंच खोटं ठरवतो, आणि त्यातली खरी गोष्टही टाकून देतो: तुझं वय पंधरा आहे, तुझ्या घरात मामाला असाच आजार होता, तुला आधीच आवाज ऐकू येतात, तर तुझ्यासाठी हा गांजा त्या दहा जणांसारखा नाही. ही गोष्ट खरी आणि नेमकी सांगितली तर ज्याच्यासाठी आहे त्याला कळते.

खरं न सांगण्यामागे कायद्याची भीतीही आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा ओढणंही गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. म्हणून सरकारी दवाखान्यात गांजाचं नाव घ्यायला लोक घाबरतात. पण त्याच कायद्याचं कलम ६४-अ, स्वतःहून उपचारासाठी आलेल्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देतं. हे कलम दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत लिहून लावायला किती खर्च येतो?

तंबाखूच्या बाबतीत दवाखान्यांतला समज वेगळाच आहे: राहू द्या, बिचाऱ्याला तेवढंच सुख. एका नातेवाइकानं मला सांगितलं की वॉर्डात रुग्ण शांत राहावा म्हणून त्याला विडी दिली जायची. त्यामागे क्रूरपणा नसतो, थकवा असतो. पण गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर मरतात, आणि ती बहुतांशी हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, कर्करोग अशा शरीराच्याच आजारांनी. सोडल्यानं मन बिघडतं हा समजही टिकलेला नाही. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सव्वीस अभ्यासांचा आढावा आला, त्यात सिगारेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य, ताण कमी झालेला दिसला, मानसिक आजार असलेल्यांतसुद्धा. २०१६ साली ८,१४४ जणांवर तंबाखू सोडवण्याच्या औषधांची चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्यांना मानसिक आजार होता, आणि औषधांमुळे मानसिक त्रास लक्षणीय वाढल्याचं आढळलं नाही. खर्ऱ्यासाठी अशी चाचणी कुठे व्हायला हवी? सेवाग्राम, सावंगी, नागपूर, यवतमाळ इथल्या मेडिकल कॉलेजांत. रुग्ण इथे आहेत, खर्रा इथे आहे.

गावातून काही होत नाही असंही नाही. अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात २७.२ टक्के झाले. गडचिरोलीत 'मुक्तिपथ'नं गावसभा घेऊन दारू आणि तंबाखू दोन्हींवर काम उभं केलं. पण एकीकडे मनाचं काम, दुसरीकडे व्यसनाचं, आणि ज्याला दोन्ही आहे त्याचं काय? मला भेटणाऱ्या घरांची तक्रार एकच असते: व्यसनमुक्तीवाले म्हणतात आधी डोक्याचा इलाज करा, डोक्याचे डॉक्टर म्हणतात आधी व्यसन सोडवा. मधल्या बसच्या तिकिटांत बापाचं सोयाबीन जातं.

मी मागतोय ते मोठं नाही. केसपेपरवर कारण लिहिण्याआधी चार गोष्टी लिहा: पहिला बदल घरच्यांना कधी दिसला, गांजा कधी सुरू झाला, खर्रा दिवसाला किती, विडी-सिगारेट सुरू आहे की बंद केली आणि कधी. आई आली असेल तर तिला वेगळं बसवून विचारा. कारणाचा रकाना दोन-तीन भेटी रिकामा राहिला तरी चालेल.

मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. चिठ्ठीवर मानसिक आजाराचं औषध दिसलं आणि घरच्यांची तयारी असली तर हेच चार प्रश्न विचारून मी वहीच्या पानावर लिहून देतो, डॉक्टरांना दाखवायला. डॉक्टरांचं काम मी करत नाही. मला फक्त वेळ आहे, आणि लोक दुकानाच्या पायरीवर जे बोलतात ते टेबलासमोर बोलत नाहीत.

यंदा पोळ्याला ती माय आली, तेव्हा तिचं पान लिहायला घेतलं. खर्रा दिवसाला सहा. गांजा दीड वर्षापासून बंद. पहिल्या ओळीवर मी थांबलो, कारण त्या ओळीचा संबंध मुलीच्या लग्नाशी होता. तिला म्हटलं, हे लिहू की नको ते तुम्ही सांगा. ती बराच वेळ समोरच्या ठेल्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "लिहा. अकरावीत होता तवापासून, असं लिहा."

लिहिलं. तिनं ते दोनदा वाचून घेतलं, घडी घालून मुलाच्या फायलीत ठेवलं, आणि तीन पट्ट्या मागितल्या.